मारबतीच्या सकाळची कॅसेट

मुलांनो,

रविवारी तुमच्या आईचा फोन आला. तुमच्या शहरातल्या एका महोत्सवात आमच्या गल्लीवर काढलेली फिल्म दाखवणार आहेत, आणि ती तुम्ही पाहावी की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. मी म्हटलं, पाहू दे. पण फिल्मच्या शेवटी मी आहे, आणि मी तिथे का आहे हे तुम्हाला पडद्यावरून कळण्याआधी माझ्याकडून कळलं पाहिजे. तुमची आई तेव्हा लग्न होऊन गेली होती. तिनंही यातलं काही पाहिलेलं नाही.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत तेव्हा नुकतेच प्लॉट पडत होते. आमच्या गल्लीत बारा घरं होती. गल्ली जिथे संपे तिथे नाला, आणि नाल्यापलीकडे कपाशीचं वावर. ज्यांच्या जमिनीवर ही वस्ती झाली ते शेतकरी कुटुंब गल्लीच्या तोंडाशी राहायचं, त्यांच्या शेजारी किराणा दुकानवाले, आणि पुढे आमच्यासारखे नोकरीवाले. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. तुमचे आजोबा बँकेत होते.

आमच्या घराच्या तिरपं समोर दोन पुरुष राहायचे. थोरला चाळिशीचा, टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा. धाकटा त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोर्ड रंगवणारा पेंटर. राहायला आले त्या दिवशी कुणीतरी नातं विचारलं, तेव्हा थोरला म्हणाला, "हा माझा भाचा." तेव्हापासून त्यांचं नाव मामा-भाचे पडलं. खरं काय ते गल्लीत बहुतेकांना कळत होतं, पण या शब्दामुळे कुणालाच ते बोलावं लागत नव्हतं. किराणावाल्यांच्या काकू एकदा माझ्या ओट्यावर बसून शेंगा फोडताना म्हणाल्या, "मामा-भाचे म्हणे. भाच्याच्या हातचं वांग्याचं भरीत खाल्लं ना ताई, तर मले तं तो मामीच वाटते." मी हसले होते. तेव्हा त्यात वाईट काही नव्हतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले.

धाकट्यानं गल्लीतल्या सगळ्या घरांच्या पाट्या रंगवल्या होत्या. अक्षराच्या शेवटच्या कान्याला तो बारीक शेपूट काढायचा. त्यामुळे कुठल्याही फाटकासमोर उभं राहिलं की त्याचा हात ओळखू यायचा. थोरल्याची सवय वेगळी होती. कुणाचाही टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की तो रेकॉर्डिंग तपासायला खिडकीत ठेवायचा, कोरी कॅसेट लावून एक पूर्ण बाजू चालू द्यायचा, आणि दुपारी ती वाजवून बघायचा. म्हणजे सकाळी आपण जे काही ओरडलो असू ते दुपारी त्याच्या खिडकीतून परत ऐकू येई. आमच्या कुकरची शिट्टी, भाजीवालीशी घातलेली हुज्जत, सगळं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मग सवय झाली आणि आम्ही त्यावर विनोद करू लागलो.

एका उन्हाळ्यात धाकट्याचा मोठा भाऊ आष्टीकडून स्थळ घेऊन आला. दारातच वाद झाला. धाकटा मोठ्यानं म्हणाला, "मले लग्न करायचं नाई. मी इथंच राहीन, यांच्याजवळ." भाऊ गेला. पण ते वाक्य बारा घरांनी ऐकलं होतं. झाकायला जो शब्द होता तो एका दुपारीत निकामी झाला. पुढे पोरं त्यांच्या दारावरून जाताना शीळ घालू लागली. भरताबद्दल कुणी बोलेना.

त्याच पावसाळ्यात गल्लीत काविळीची साथ आली. नळाची पाइपलाइन नाल्याजवळ फुटली होती, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी शेतकऱ्यांच्या घरातली म्हातारी बोलून गेली, की ज्या गल्लीत असं घर असते तिथं रोग येणारच. तिच्याशी वाद कोण घालणार? मी नळाला फडकं बांधलं, पाणी उकळू लागले, आणि गप्प बसले.

आता मारबत म्हणजे काय ते सांगते, कारण फिल्ममध्ये ते नीट सांगितलेलं नाही. पोळ्याला आपल्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्या उपटायच्या आणि शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. पोरं बांबू, कागद आणि चिंध्यांचं एक बुजगावणं करतात. ती मारबत. ती घेऊन पोरं दारोदार येतात. पुढचा एक जण रोगाचं नाव घेतो, माशी-मच्छर, खासी-खोकला, आणि दारात उभी असलेली घरची माणसं एका सुरात म्हणतात, "घेऊन जाय गे मारबत." मग आपली फांदी त्यांच्या हाती द्यायची. गल्ली संपली की नाल्यावर सगळं जाळायचं. घरातली इडा-पिडा गेली असं समजायचं. मी मूळची पुण्याकडची, पण या सकाळची मलाही ओढ होती. सगळी गल्ली एकाच वेळी एकच वाक्य बोलते, हे मला फार नीटनेटकं वाटे.

त्या वर्षी सकाळी बारीक पाऊस होता. मारबत आली तेव्हा ती एक नव्हती. एकाच बांबूला पाठीला पाठ लावून दोन पुरुषी आकृत्या बांधल्या होत्या. एकीच्या अंगात जो शर्ट होता त्यावर पिवळ्या-निळ्या रंगाचे शिंतोडे होते. वाळत घातलेला धाकट्याचा शर्ट होता तो. पोरांनी तोंडांना काजळी फासली होती. काविळीचं नाव झालं, सगळ्यांनी उत्तर दिलं. तापाचं झालं. मग ती मिरवणूक समोरच्या घराशी थांबली आणि पुढचा ओरडला, "मामा-भाचे..."

पुढे काय झालं ते मी अनेक वर्षं एका पद्धतीनं आठवत होते. माझ्या आठवणीत सगळी गल्ली सवयीनं, न ऐकताच म्हणाली, "घेऊन जाय गे मारबत," आणि त्यात मीही असेन. सगळ्या दारांचा एकच आवाज. त्यात माझा वेगळा असा कुठे होता?

दार उघडून धाकटा बाहेर आला. तो भांडायला आला नव्हता. त्यानं आकृतीच्या अंगातला शर्ट धरला आणि सोडवू लागला, एक-एक बटण काढून, जणू कामाला उशीर होतोय. कुणीतरी त्याला ढकललं. मग तो गर्दीत दिसेनासा झाला आणि गर्दी नाल्याकडे सरकली. थोरला मागे धावला. तुमचे आजोबा मला म्हणाले, "आत चल." आम्ही आत गेलो आणि कडी लावली.

धाकटा नाल्यातल्या दगडांवर सापडला. डोक्याला मार होता. दोन दिवसांनी तो इस्पितळात वारला. जळकी मारबत त्याच्याजवळच पडली होती म्हणतात. मी पाहायला गेले नाही.

पोलिसांनी थोरल्याला विचारलं, मृत तुमचा कोण? तो म्हणाला, भाचा. दुसरं काय सांगणार? तेव्हाच्या कायद्यानं खरं नातं हाच गुन्हा होता. मग पोलीस गल्लीत आले. ज्यांनी आठ वर्षं मामा-भाचे म्हटलं तेच म्हणाले, ते तसं नुसतं म्हणायचं, खरं काय आम्हांला ठाऊक नाही. त्यामुळे थोरल्याला प्रेतही मिळालं नाही. आष्टीहून भाऊ आला आणि घेऊन गेला. गर्दीत पाय घसरून पडला, असं कागदावर आलं. आमच्या घराचा जबाब तुमच्या आजोबांनी दिला. आम्ही देवपूजेत होतो, असं त्यांनी सांगितलं, आणि मी शेजारी उभी होते.

त्यानंतर गल्लीत ज्या गोष्टी झाल्या त्या कुणी ठरवल्या नव्हत्या. पुढच्या पोळ्याला एकाही दाराला पळस नव्हता. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, तरी नव्हता. फाटकांवरच्या पाट्या एकेक करून बदलल्या. कुणी संगमरवरी बसवली, कुणी स्टीलची. वर्ष-दीड वर्षात त्याच्या हातचं एकही अक्षर राहिलं नाही, आणि कुणी तसं बोलूनही दाखवलं नाही. आमची पाटी मी स्वतः उतरवली. गंजली होती, असं मी आजोबांना सांगितलं. गंजली नव्हती.

थोरला मात्र कुठे गेला नाही. तो तिथेच राहिला, टीव्ही दुरुस्त करत. आम्हीही आमचा टीव्ही त्याच्याकडेच नेत राहिलो, कारण दुसरीकडे नेला असता तर का नेला हे सांगावं लागलं असतं. तो नेहमीसारखाच बोलायचा. "बाई, चित्र येऊन राह्यलं आता, आवाजाचं उद्या पाहतो." फक्त खिडकीत टेपरेकॉर्डर ठेवायचं त्यानं बंद केलं होतं.

आणि दर वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना, मारबतीचा ओरडा ऐकू यायचा. अगदी बारीक, शब्द कळणार नाहीत इतका. आमच्या गल्लीत मारबत निघत नव्हती. आम्ही म्हणायचो, जुन्या गावठाणातून येतोय. एका वर्षी मुसळधार पाऊस होता. गावठाणातून काय, शेजारच्या गल्लीतूनही काही ऐकू येणार नाही असा. तरी तो ओरडा आला. आजोबा उठले, खिडक्या लावल्या, आणि चहा ठेवायला सांगितलं. तो आवाज कुठून येतो ते आम्हां दोघांना माहीत होतं. पण त्यावर एक शब्दही न बोलता आम्ही चहा प्यालो. पुढे आजोबा गेले. मग ती सकाळ मी एकटीनं काढू लागले.

फिल्म काढणारी मुलगी या घटनेनंतर सात वर्षांनी आली. वर्ध्यातच वाढलेली, मुंबईला शिकायला गेलेली. थोरल्याच्या घरी आठ दिवस राहिली आणि मग एकेका घरी गेली. तिनं काही लपवलं नाही. थोरल्याजवळ त्या सकाळची कॅसेट होती. त्याही दिवशी कुणाचा तरी दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर खिडकीत चालूच होता. ती कॅसेट तो फिल्मसाठी द्यायला तयार होता, पण एका अटीवर. पोलिसांना दाखवून काही झालं नव्हतं. कॅसेटवरून कोणी कोणाला मारलं ते कळत नाही, म्हणून त्यांनी ती परत केली होती. त्याला आता शिक्षा नको होती. गल्लीतल्या एका तरी माणसानं ती ऐकावी आणि कॅमेऱ्यासमोर म्हणावं, हा माझा आवाज आहे. एवढं झालं तर फिल्म, नाहीतर नाही. "सात वर्षं ते दर वर्षी वाजवतात," ती मुलगी म्हणाली. "त्यांना वाटतं, कुणीतरी येईल आणि म्हणेल, बंद कर."

ती घरोघर गेली. कानाला हेडफोन लावून एकेक जण ऐकायचा आणि ती चेहऱ्यावर कॅमेरा धरायची. सगळ्यांनी एकच सांगितलं. आवाज खराब आहे, काही ओळखू येत नाही. माझी पाळी अजून आली नव्हती. पण त्या आठवड्यात माझ्याशी लोक विचित्र वागू लागले. मी भाजी घ्यायला उभी राहिले की बायका बोलणं थांबवून मला जागा करून द्यायच्या. किराणावाल्यांच्या काकूंनी कारण नसताना कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्या तळून आणून दिल्या. डबा माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही काई जाऊ नका ऐकाले. काईच समजत नाई त्याच्यात." आणि माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. माझ्या घरातलं कुणी वारलं असावं आणि मलाच कळलं नसावं, असं वाटलं मला.

मी गेले ती वेगळ्या कामासाठी. फिल्मखाली इंग्रजी ओळी लिहायला त्या मुलीला कुणीतरी हवं होतं, आणि गल्लीत इंग्रजी माझंच. मी वही, दोन पेनं आणि चष्मा घेऊन गेले. सात वर्षांत त्या घराचा उंबरठा मी टीव्हीच्या कामाखेरीज ओलांडला नव्हता. आत सगळं स्वच्छ होतं. भिंतीला कोऱ्या, पांढरा रंग दिलेल्या पत्र्याच्या पाट्या टेकवून ठेवल्या होत्या, कुणी लिहायला येणार असावं तशा. थोरला खुर्चीवर बसला होता. कॅमेरा तिपाईवर होता आणि चालू होता. मला वाटलं, आधीच्या कामाचा असेल.

कॅसेट लागली. पाऊस, पायांचे आवाज, काविळीचं नाव, उत्तर. मी वेळ टिपत गेले, प्रत्येक ओळीसमोर मिनिटं आणि सेकंद. तापाचं नाव, उत्तर. मग, "मामा-भाचे..."

आणि मग काहीच नाही.

मी पेन थांबवलं. टेप चालू होती, पाऊस ऐकू येत होता. सगळी गल्ली गप्प होती. दारादारांत माणसं उभी होती आणि कुणीही ते वाक्य पुरं करत नव्हतं. ती शांतता मोजायला नको होती, पण मी वेळ लिहीत होते. सहा सेकंद. सहा सेकंदांत गर्दी पुढे जाऊ शकते. कुणी म्हणू शकतं, चला रे, पुरे. मागून एक पोरगा ओशाळून हसल्याचाही आवाज आहे. त्यांचा जोर संपत आला होता.

मग एका बाईचा आवाज आला. एकटा. स्पष्ट, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा.

"घेऊन जाय गे मारबत."

आणि तिच्यामागून सगळी गल्ली.

मी कॅसेट मागे न्यायला सांगितली. थोरल्यानं नेली. मी तीनदा ऐकली. पहिल्या वेळीच ओळखली होती. चौतीस वर्षं तो आवाज मी वर्गात ऐकला आहे. मुलगी उत्तर देता देता अडकली, की मी तसं वाक्य पुरं करून देत असे आणि मग वर्ग माझ्यामागे म्हणत असे. टेप पुढे चालू राहिली. शर्टावरून उठलेला गलका, ढकलाढकली, गर्दीचं सरकणं. त्यानंतर एकामागून एक कड्या लागल्याचे आवाज. तिसरी बहुधा आमची.

आता मला कळलं होतं की गल्लीत प्रत्येकानं काय ओळखलं होतं, आणि वड्यांचा डबा का आला होता. ते मला सांभाळत होते. मी गप्प राहिले असते तर त्यांनी मला मरेपर्यंत सांभाळलं असतं. मीही त्यांना सांभाळलं असतं.

मी वही मिटली आणि कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्याकडे बघून म्हटलं, "हा माझा आवाज आहे. पहिला."

तो म्हणाला, "माहीत आहे, बाई."

मग त्यानं विचारलं, "काऊन?"

त्या 'का'ची तयारी मी केली नव्हती. खरं होतं ते इतकं लहान होतं, की बोलताना माझी मलाच लाज वाटली. मी म्हटलं, "वाक्य अर्धं राहिलं होतं. सगळे थांबले होते. मला अर्धं राहिलेलं सहन होत नाही. मी ते पुरं केलं."

"तेवढंच?"

"तेवढंच."

त्यानं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग म्हणाला, "मी सात वर्षं दुसरंच समजून राह्यलो होतो. म्हटलं, बाईले आमचा राग असन. काईतरी खटकलं असन. रागाले माणूस काई म्हणू शकते. भांडू शकते, माफ करू शकते. याचं मी काय करू, बाई?"

त्यानं बटण दाबून कॅसेट बाहेर काढली आणि न उठताच त्या मुलीच्या हातात दिली.

फिल्म तिथेच संपते. पडद्यावर तुम्हाला मी दिसेन, मांडीवर मिटलेली वही घेऊन बसलेली. खालच्या इंग्रजी ओळी मीच लिहिल्या आहेत. त्या मुलीनं पहिल्या आवाजाखाली नुसतं 'स्त्री' लिहायला सुचवलं होतं. मी तिथे माझं नाव आणि घर क्रमांक लिहिला. त्याच्या शेवटच्या प्रश्नाचा अर्थही मी जमेल तेवढा अचूक लिहिला आहे. त्यानंतर जवळजवळ दोन मिनिटं मी तुमच्यासमोर बसून आहे, आणि त्या दोन मिनिटांत भाषांतर करण्यासारखं काही नाही.

तुमची आजी